खुणेचा अर्थ कळवावा

नगरपंचायतीत मी रंग भरतो.
हुद्दा अनुरेखक. पगार सांगण्यासारखा नाही.
पिवळा राहण्यासाठी, जांभळा कारखान्यांसाठी,
हिरवा जिथं काही करायचं नाही तिथं,
म्हणजे आत्तापुरतं.

आमच्या तांबवलीत सडा खणून खणून खाली उतरला
आणि टाकाऊ माती शाळेमागं
चढत चढत डोंगर झाली.
त्या डोंगराला आराखड्यात नाव हवं होतं.
विषय क्रमांक नऊ.
सूचक विश्राम गावडे, अनुमोदक त्यांचेच व्याही.
"उद्यान लिव," गावडे म्हणाले,
"झाडां मागसून येतली."
मी हिरव्याची बाटली उघडली.
सर्वानुमते, असं इतिवृत्तात आहे.
आषाढात ते उद्यान
तिसरीच्या वर्गात येऊन बसतं, बाकांखाली,
लाल, घोटाभर.

नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर.
हे मी कुणाला शिकवत नाही,
ज्यांना कळायचं त्यांना कळतं.
डंपरचा रस्ता आधी फिलोमिना रॉड्रिग्जच्या बावीवरून होता,
मग मशिदीच्या गडग्याला लागून होता,
मग एक रविवार मधे गेला,
सोमवारी तो बौद्धवाडीतून गेला.
प्रभाग अकराची जागा तेव्हा रिक्त होती,
पोटनिवडणूक व्हायची होती.
खोडरबराचा चुरा मी फुंकर मारून उडवला.

शेवटी जेटीकडचा तुकडा आला,
खनिजवाल्यांनी ढीग लावायला मागितलेला.
"थंय काय आसा?" अध्यक्षांनी विचारलं.
सातबाऱ्यावर काही नाही. मोजणीत काही नाही.
मी म्हटलं, दुपारी बायका बांगडे सुकवतात.
"आणि सांजचा?"
सांजचा गोळा करून नेतात.
"मगे रिकामीच म्हण."

रंगांच्या सूचीवरून मी बोट खाली आणलं.
दफनभूमी होती, कत्तलखाना होता,
हेलिपॅडसुद्धा होतं, जे गावात कुणी पाहिलेलं नाही.
वाळवणाला चौकट नव्हती.
पांढरं ठेवलं.

हरकतींना तीस दिवस असतात.
एकोणतिसाव्या दिवशी द्वारका कुबल आली,
पाटी बाहेर उतरवून, हात पदराला पुसत.
नकाशावर वाकली. "ह्येच्यात आमी खंय?"
मी पांढऱ्यावर बोट ठेवलं.
बराच वेळ बघत राहिली.
"मोकळी ठेवलंस," म्हणाली, "बरां केलंस."
आणि हरकत न घेता गेली.

त्या संध्याकाळी शिपाई खिडक्या लावत असताना
एच-बी पेन्सिलीला टोक काढून
मी त्या पांढऱ्यात बारीक बारीक रेघा मारल्या,
ओळीनं, शेपटीला शेपटी, जशा त्या मांडतात.
एकशे चाळीस झाल्या.
ह्याला ठराव नव्हता.

नकाशा पुण्याला गेला. सात महिन्यांनी पत्र:
बाकी ठीक. पत्रक तीन, जेटीलगत,
खुणेचा अर्थ कळवावा.

अध्यक्ष म्हणाले, शाई सांडली म्हणून कळव.
मुख्याधिकारी म्हणाले, झाडं लिहा,
झाडांबद्दल कुणी उलट विचारत नाही.
दरम्यान पहिला ढीग पडलाही आहे,
अर्ध्या जागेवर. उरलेल्या अर्ध्यात
बांगडे उलटण्याआधी आता झटकावे लागतात.

उत्तराचा कागद माझ्या खणात आहे.
जावक क्रमांक घातलाय. विषय, संदर्भ, महोदय.
खाली मजकुरात एकच शब्द: बांगडे.
सहीसाठी आत पाठवायचा आहे.
आज गुरुवार, बाजाराचा दिवस,
साहेब नाहीत.