आडवे जाणारे

सकाळी सहा ते संध्याकाळी सहा
फुटाळ्याच्या कठड्याला टेकून
मी माणसं मोजते.
रोजी साडेपाचशे, पाणी ज्याचं त्यानं आणायचं.
डाव्या मुठीत टिकटिक यंत्र, उजव्या हाती तक्ता :
ट्रक, बस, कार, ऑटो, दुचाकी, सायकल,
आणि कागद संपता संपता
पादचारी.

दुचाक्यांनी पहिल्याच दिवशी अंगठ्याला फोड आणला.

सायकली कमी.
त्यातली एक धकातेकाकांची, रात्रपाळी करून वाडीहून परतणारी.
डोक्याला दुपट्टा, हँडलला रिकामा डबा,
कठड्याला इतके खेटून चालवतात
की शर्टाच्या बाहीला चुना लागतो.
"काहून मोजून राहिली वं पोरी? मी त रोज एकटाच."
काका, जाता एक, येता एक, दोन धरते.
"मंग दुप्पट झालो म्हन आज."
त्यांचं हसू ट्रकच्या धुरात गेलं.

तक्त्यात एक भानगड आहे.
रस्त्यानं जाणाऱ्यांना रकाना आहे,
रस्ता ओलांडणाऱ्यांना नाही.

दुर्पताबाई नान्हे.
तलाव या बाजूला, वस्ती त्या बाजूला,
मधे चार पदरी डांबर.
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं,
घमेल्यात ओले शिंगाडे,
आणि चिखलाचं पाणी कानामागून मानेवर.
उभी राहते. पाऊल टाकते. मागं घेते.
मी घड्याळ लावलं : चार मिनिटं, वीस सेकंद.
हे कुठं लिहू?
मांजर आडवं गेलं तर ब्रेक मारतात हे लोक,
बाई आडवी गेली की हॉर्न.

तक्त्याच्या पाठीवर लिहिलं. पाठ भरली.

धरमपेठेतल्या ऑफिसात नवा रस्ता भिंतीवर टांगला होता.
चार पदरांचे दोन.
उरल्या जागेत सायकलवाट, पाण्याकडे रुंद फुटपाथ,
आणि ओलांडायच्या जागी रस्ताच वर उचललेला,
म्हणजे माणसानं उतरायचं नाही,
गाडीनं चढायचं.
मला हे दोनदा वाचावं लागलं.
एका साहेबांनी विचारलं, मग गाड्या जातील कुठं?
माझ्याकडे पाठ भरलेले नऊ तक्ते होते,
पण माझी रोजी मोजण्याची, बोलण्याची नाही.

चित्रात माणसं चिकटवलेली :
गोरी मुलगी, पट्ट्याला केसाळ कुत्रा,
एक लाल फुगा, कुणाच्या तरी हाती कॉफी.
ऊन कुठंच नाही. नागपुरात!
मी ड्रॉइंगवाल्या निमजेला म्हटलं, घमेलंवाली बाई टाक ना.
त्यानं शोधलं. सॉफ्टवेअरमध्ये नव्हती.
मग मीच पेन्सिलनं काढली.
हात बसलेला नाही, घमेलं जरा पसरलं.
साहेब वाकून बघत म्हणाले,
हां, इथं झाड चांगलं,
आणि हिरव्या पेननं गोल केला.
आता तिथं कडुनिंब लागणार आहे.
मी काही बोलले नाही.

मागच्या रविवारी चाचणी झाली.
रेती भरलेले पिवळे ड्रम मांडून दोन पदर बंद केले.
बारा वाजेपर्यंत तीन ड्रम आडवे,
एकावर पोरं बसून भुट्टा खात होती.
धकातेकाकांना अख्खी वाट मोकळी,
तरी ते कठड्यालाच खेटून गेले.
सवय आहे, लगेच कशी सुटेल.

दुर्पताबाई आल्या.
एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे,
आणि चालू लागल्या, धावल्या नाहीत.
बरोब्बर मध्यावर थांबल्या.
घमेलं खाली ठेवलं,
चुंबळ सोडली, झटकली,
सावकाश पुन्हा वळली.
मागं एक पांढरी गाडी उभी.
हॉर्न वाजला एकदा,
मग नाही.
तेवढ्यात तलावाकडून काहीतरी ऐकू आलं,
काठाच्या दगडाला पाणी लागत होतं,
इतके दिवस इथंच उभी आहे मी.

घमेलं डोक्यावर गेलं, बाई पलीकडे गेली,
आणि माझा अंगठा तसाच वर.

अकरा ते बाराचा आकडा
एकानं कमी आहे.