साडेसहा गुण

दहापैकी साडेसहा दिले मी
‘बुडालेलं बंदर’ला, खेळाच्या नव्या भागाला.
रविवारच्या पुरवणीत, शेवटच्या पानावर,
टायरांच्या जाहिरातीला खेटून:
समुद्र देखणा, कथा पातळ,
खलाशांचे संवाद सरकारी पत्रकासारखे,
आणि बेटावर जाणाऱ्या होडीसाठी
चार मिनिटं नुसतं उभं राहावं लागतं.
चार मिनिटं!
उद्गारचिन्ह माझं. संपादकांनी ठेवलं.

बाकीचे समीक्षकही होडीवरच घसरले होते.
एकाने तर घड्याळ लावून
माणसाच्या आयुष्यातले किती दिवस
त्या धक्क्यावर वाया जातील, ते काढलं.

रायबंदरला फेरीबोटीवर दोर टाकतो आग्नेल,
रात्री तलवार चालवतो.
खिशातून माझं कात्रण काढलं त्याने, घामाने मऊ झालेलं.
“साडेसहा? पात्रांव,
मला दहावीला एवढे पडले असते
तर हा दोर आज तुझ्या हातात असता.”
मग म्हणाला, वैद्याची ताकद निम्मी केली,
त्यावर तुझी एक ओळ नाही.
नव्या राक्षसाला चाळीस जण लागतात.
चोडणात चाळीस जण एका वेळी जागे असतात
ते फक्त लाइट गेल्यावर.
आणि होडी? चार मिनिटांना काय रडतोस,
इथे एक बोट चुकली की बघ.

म्हापशाचा शौनक पर्येकर
घोड्याच्या खोगिराचे वेगळे पैसे घेतात म्हणून
कंपनीला रोज एक पत्र लिहितो.
उत्तर येत नाही. खोगीर त्याने घेतलंय.

पिएदादला मत विचारायचं मला सुचलंच नाही.
आमच्या वाड्यावरची, साठीला आलेली,
पातळी तीन, अंगावर फुकटचे कपडे,
लढाई कशी करतात ते ठाऊक नाही.
एका रात्री दिसली त्या धक्क्यावर, पडद्यात,
एका चिलखती दांडग्याच्या गुडघ्याशी.
दांडगा म्हणजे लियांद्र, तिचा मुलगा,
तारवटी, जहाज कुठेतरी स्पेनच्या बाजूला.
सुट्टीच्या तासात तो फोन उचलत नाही, खेळतो.
टोळीबरोबर बेटावर निघालेला असतो,
पण होडी येईपर्यंत
त्यालाही उभं राहावंच लागतं.

जेवलास?
हो.
काय?
बटाटे.
मी किसमूर केली.
मग बराच वेळ काही नाही. ती एका बोटाने टाइप करते.
ओले कपडे घालू नको.
होडी आली.

पुढच्या महिन्यात कंपनीने जाहीर केलं:
आपल्या सूचनांचा आदर करून
प्रतीक्षा आता चाळीस सेकंद.
मी गुण वाढवून सात केले.
खरं सांगायचं तर खूश होतो,
आपल्या शब्दाने कुठेतरी समुद्रात होडी हलली म्हणून.

त्या रात्री पुन्हा गेलो तिथे.
जेवलास? हो.
आणि होडी लागली, टोळी चढली, गेली.
रिकाम्या फळ्यांवर तिची ओळ नंतर उमटली:
तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त के
तेवढीच. ‘के’च्या पुढे बोट थांबलं असावं.

आठवडाभर मी धक्क्यावरच.
बेट अजून धड पाहिलेलं नाही,
लोकांना वाटतं मी कोपरान् कोपरा धुंडाळतोय.
आग्नेल म्हणतो, आता होडी झकास, नाही?
मी हो म्हणतो.

काल मात्र होडी लागली, एकोणचाळीस चढले
आणि दांडगा जागचा हलला नाही.
टोळी ओरडत होती: लियांद्र, चढ, कुठे मेलास?
तिकडचं नेट गेलं असेल. असं पुष्कळदा होतं.
होडी सुटली.
पिएदाद टाइप करत होती.
मी पडदा बंद केला,
खाली रस्त्यावर शेवटच्या फेरीबोटीचा भोंगा झाला
आणि कोणीतरी चप्पल हातात घेऊन धावलं.