चौथ्या गेटापलीकडे

फाटक पडलेलं. पलीकडून एजंट हात हलवत होता,
जणू गाडी तोच थांबवणार.
तिथंच पहिला हिशेब झाला:
पोरीची शाळा पावणेआठला,
मालगाडीला शाळा नसते.

चार मजले, बत्तीस घरं,
लिफ्टच्या जागी प्लायवूड ठोकलेलं.
"येऊलीय की ओ ताई लिफ्ट, दिवाळीपर्यंत."
कुठली दिवाळी, ते मी विचारलं नाही.
भाडं साडेसहा हजार, डिपॉझिट साठ.
वडगावातल्या आमच्या खोलीला दोन हजार आठशे,
भिंतीपलीकडचे माग फुकट.
नवरा गोव्याहून फोनवर म्हणाला, तुला पटेल ते.
म्हणजे चुकलं तर माझं.

मी गळ्यातली टेप काढली.
खिडकी अठ्ठेचाळीस इंच, उत्तरेला.
उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही,
काळ्यावर काळा दोरा त्यातच दिसतो.
इथं मशीन. इथं हुकांचा डबा.
इथं गिऱ्हाइकानं उभं राहून हात वर करायचे.
आतल्या दारातनं कपाट जाईना,
दीड इंचानं.
दीड इंच मी प्रत्येक ब्लाऊजच्या शिवणीत सोडते,
पुढं बाई भरली तर उसवता यावं म्हणून.
बांधणाऱ्यानं काही सोडलं नव्हतं.

बाथरूमच्या छताला ओलीचा डाग, नकाशासारखा.
कुठल्या राज्याचा, ते ज्याचं त्यानं ठरवावं.
नळ सोडला. तो नुसता खोकला.
"पाणी रोज?"
"रोज म्हणजे... येतंय की ओ."

जिन्याखाली नियमांचा कागद, कन्नडमध्ये.
मी पाट्या अंदाजानं वाचणारी:
बँक रांगेवरनं, दवाखाना वासावरनं.
एजंटानं सांगितलं,
कुत्रं नको, गच्चीवर पापड नको,
दहानंतर मोठा आवाज नको.
"संपलं?"
"संपलं."
वैदेही चवड्यांवर उभी राहिली.
तिसरी ब, कन्नड माध्यम.
नाव घातलं तेव्हा सासऱ्यांनी महिनाभर अबोला धरला होता.
मी सुईखालून कापड सरकवते
तसं तिनं अक्षरांखालून बोट सरकवलं.
"आई, अजून हाय. नीरिन हण बेरे.
म्हणजे पाण्याचे पैसे वेगळे.
आणि दर वर्षी भाडं शंभराला दहा वाढणार."
एजंट हसला. "शाणी हाय की ओ पोर."
घाम मात्र कागदाकडं पाठ करून पुसला.

दुसऱ्या मजल्यावर हसीनाबी सनदी
दारात बसून मेथी निवडत होती.
"टँकरचे महिन्याला सहाशे," म्हणाली,
कुठल्या भाषेत ते आठवत नाही,
तिन्हींतलं थोडं थोडं.
"पण रात्री एकटी असले तरी
कडी लावायची आठवण राहत नाही बघ."
हे कुठल्या खान्यात मांडायचं?

घरी येऊन कटिंगच्या कागदावर लिहिलं.
साडेसहा, वर सहाशे.
तिसऱ्या वर्षी सात हजार आठशे पासष्ट,
पाणी सोडून.
खिडकीचे दहा ब्लाऊज जास्त, कदाचित बारा.
दीड इंच.
मेथी.

रात्री नऊला परत गेले, एकटी, टेप न घेता.
उजेड असलेली घरं मोजली, एकोणीस.
पाण्याची मोटार घरघरून बंद पडली
आणि मग काहीच नाही.
वैदेही जन्मापासून मागांच्या खटखटीत झोपते.
अशा शांततेत तिचा डोळा लागेल का,
ते कुठल्याच कागदावर, कुठल्याच लिपीत नव्हतं.

सकाळी एजंटाचा फोन.
"काय ठरवलंय ताई? दुसरं गिऱ्हाईक बघूलंय."
म्हटलं, सहाशे भाड्यातच धरा,
आणि तसं लिहून द्या. कन्नडमध्ये.
वाचणारं माणूस आहे घरात.
तो गप्प झाला.
त्याच्या बाजूनं गाडी जात होती, लांबलचक.
मी फोन कानाला धरून
डबे मोजत बसले.