तीस मीटर पुढे

माझगावच्या पोटात, रस्त्याखाली बावीस मीटर,
आम्ही रोज आधी एक भोक पाडतो.
सुरुंग नंतर.
मनगटाएवढं भोक, तीस मीटर लांब,
दगडाला विचारायचं :
पलीकडे कोण आहे?

बहुतेकदा कुणी नसतं.
करडी पूड येते, थोडी ओल.
मी वहीत लिहिते : कोरडं. वेळ. सही.

मंगळवारी रॉड मागे घेतला
आणि त्याच्यामागून पाणी आलं,
करंगळीएवढं, घाई नसलेलं.
बुधन महतोनं ओंजळ धरली, जीभ लावली.
"खारं नाय, मॅडम."
म्हणजे खाडी नाही.
म्हणजे कुणाचं तरी आहे.

बुधन कोळशाच्या खाणीतून आलाय.
तिथे शेजारची बुडालेली जुनी खाण
कागदावर चाळीस हात लांब होती.
किती जण गेले ते तो सांगत नाही.
पाळी सुटताना
माणसं दोनदा मोजतो, एवढंच.

भोकाला झडप बसवली. काम बंद.
दाबाचा काटा दोन पूर्णांक एकवर थांबला :
आमच्या डोक्यावर एकवीस मीटर पाणी उभं,
जमिनीला एक मीटर कमी.
हिशेब केला आणि शिडीकडे निघाले,
हेल्मेट काढायचं विसरून.

"विहीर?" फिलोमिना परेरा म्हणाल्या,
"ही काय," आणि स्वयंपाकघरात
गॅसच्या शेगडीसमोर टाच आपटली.
लाद्यांखालून पोकळ आवाज आला.
आजोबांच्या काळात डासांसाठी
म्युनिसिपालटीनं बंद करवली.
भरली कुणीच नाही. झाकली.
"माझ्या लग्नात उंबराचं पाणी
नळावरून आणलं, बँड लावून.
आई म्हणाली, विहिरीला ऐकू गेलं असेल."

चार दिवस पंप चालला.
पहिल्या दिवशी त्यांनी तांब्या पुढे केला,
प्यायच्या नाहीत, नुसत्या धरून बसल्या.
खाली काटा उतरत होता : दीड, एक, शून्य पूर्णांक सहा.
तरी बुधननं त्याच जागी दुसरं भोक पाडलं,
मग जरा डावीकडे तिसरं.
कंत्राटदाराचा फोन वाजत होता. वाजू दिला.

नकाशावर माझगाव कोरं होतं.
मी पेन्सिलीनं वर्तुळ काढलं, लिहिलं :
विहीर. झाकलेली.
मालकिणीला विचारा.

संध्याकाळी पाळी वर आली.
एकोणीस, बुधन म्हणाला,
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.