मागच्या सीटच्या मागे

सीट आणि पत्रा यांच्यामध्ये खाली साडेसहा इंच, वर जेमतेम चार.
म्हणजे पेटी तिरकी कापायची, पाचरीसारखी.
एलिसेओ विचारतो, "दोन दहा-इंची बसतील ना गं?"
जसं काही मी शिंपीण आहे
आणि त्याचं पोट सुटलेलं नाही.

हेब्रनव्हिल, टेक्सास.
सकाळी नऊलाच पाना हातात धरवत नाही.

आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवली.
हे कुणी शिकवलं नाही मला.
एकदा अंगठी चिकटली होती टर्मिनलला,
तेव्हापासून बोटात अंगठी नाही,
आणि ती देणारा तर त्याच्याही आधी गेला.

मग सीट. चार बोल्ट.
तीन निमूट आले,
चौथा शिव्या खाऊन आला.
मागे काय काय निघालं:
जॅक, त्याचा वाकलेला दांडा,
बाळाचा एक मोजा, कुणाचा ते दोघांनाही आठवेना,
मेस्किटच्या शेंगा, वाळून खुळखुळा झालेल्या,
आणि इअरप्लग.
नारिंगी, निळ्या दोरीने जोडलेले,
पाकिटं न फोडलेली.
मी मोजली. एकोणचाळीस.

अपा दारात घडीच्या खुर्चीवर बसले होते.
एकतीस वर्षं गॅसच्या कॉम्प्रेसरपाशी काढली त्यांनी,
डावा कान तिथेच राहिला,
उजव्यात वाक्यं अर्धीच शिरतात.
मी पाकिटं त्यांच्यासमोर धरली.
ते म्हणाले, "कान बुजवले
तर मशीनला काय होतंय ते मला कोण सांगणार?"
आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले,
जिथून काही येत नव्हतं.

जाड लाल वायर इंजिनाच्या भिंतीतून आत घेतली,
रबराच्या बुचाला भोक पाडून,
उंबऱ्याच्या पट्टीखालून एका बाजूने.
गाण्याच्या वायरी दुसऱ्या बाजूने.
दोघींना शेजारी ठेवलं की गाण्यात इंजिन कण्हतं.
अर्थिंगसाठी रंग खरवडला,
खरवडत राहिले
वडिलांच्या ट्रकचा तो निळा रंग,
खाली पत्रा लख्ख निघेपर्यंत.
तेवढ्यापुरतं कुणाकडे बघितलं नाही.

पेटीत उशीचा कापूस भरला.
अ‍ॅम्प्लिफायर बसवला जॅकच्या जागी.
"आणि जॅक?"
"बघू," एलिसेओ म्हणाला.
त्याच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी
या 'बघू'मध्ये ठेवलेल्या आहेत.

चार वाजता बटण दाबलं.
पहिला ठोका पोटात बसला, कानात नंतर आला.
आरसा थरथरला, त्यातला रस्ता पुसट झाला,
नंबरप्लेट दात वाजवायला लागली,
शेजारच्या दोन्या एउलालियाचं कुत्रं
काही न बोलता घरात गेलं.

अपा उठले.
गुडघ्यावर हात देत मागच्या सीटवर चढले,
पाठ टेकवली,
तळहात सीटवर पालथा ठेवला,
ताप बघावा तसा.
बराच वेळ.
एलिसेओ आवाज कमी करायला वाकला, मी त्याचा हात धरला.

"डावीकडे," अपा म्हणाले. "खाली. एक ढिला आहे."

मी म्हटलं, सगळे घट्ट केलेत मी स्वतः.
त्यांना ऐकू गेलं नाही,
किंवा गेलं.
तळहात तिथेच होता.

तो चौथाच निघाला.
अर्धा आटा.

मी पिळला, आणि ट्रकच्या आतली एक बारीक कुरकुर,
जी आम्हा दोघांना, चार चांगल्या कानांना,
ऐकूच आली नव्हती,
थांबली.
ती होती हे थांबल्यावर कळलं.

अपांनी मान हलवली,
ड्यूटी संपल्यावर रजिस्टरवर सही करावी तशी,
पण उतरले नाहीत.
मी एक पाकीट फोडलं.
नारिंगी बोंडं दाबून कानात बसवली
आणि त्यांच्या शेजारी टेकले.

गाणं गेलं. शब्द गेले, अ‍ॅकॉर्डियन गेलं.
उरलं ते पाठीतून येत होतं,
मणक्यामणक्याने चढत,
आणि अपांचं बोट सीटवर
मोजत होतं काहीतरी.
गाणं नव्हे.
गाण्याचा ठेका वेगळा होता.

जॅक अजून अंगणात पडला आहे.