जौऱ्याची गाडी

घोसीपुऱ्याला आता फाटक नाही.
डांबरातून रुळाच्या दोन रेघा तेवढ्या वर येतात,
स्कूटर घसरली तर शिवी द्यायला.
परवा त्यांच्यामध्ये चपला लावून बघितल्या,
अडीच भरल्या.
एवढ्याच रुंदीवर
एकोणीस वर्षं नोकरी केली मी,
लष्कर ते जौरा, जौरा ते लष्कर.

मांडीवर निळी पेटी. पेटीत बर्फाच्या चार विटा
आणि त्यांच्या कुशीत जौऱ्यातल्या पोरांची लस.
प्रत्येक बाटलीवर एक पांढरा चौकोन,
ऊन लागलं की जांभळा होत जाणारा.
पुरता जांभळा झाला की लस फुकट, फेरी फुकट,
आणि आया रांगेत उभ्या.

गाडीला हे कोण सांगणार?
ती मोतीझीलला थांबे, मिलावलीला थांबे,
जिथं स्टेशन नाही तिथंही थांबे,
कुणाची म्हातारी शेतातून हात करते म्हणून.
सुमावलीला समोरून दुधाची गाडी यायची,
खिडक्याखिडक्यांना कॅन लटकलेले,
जशी लग्नाला निघालेली.
दोन्ही ड्रायव्हर खाली उतरत.
भदौरियांची तंबाखू मळून होईपर्यंत
दोन्ही इंजिनं निमूट उभी,
आणि माझ्या मांडीवर थेंब, थेंब, थेंब.

टपावरची माणसं मला पायांनी ठाऊक.
खिडकीच्या वरच्या काठावरून लोंबणारे पाय.
एका माणसाचे लाल मोजे मी चार हिवाळे पाहिले,
डाव्या टाचेला रफू.
तोंड कधीच नाही.
पाचव्या हिवाळ्यात मोजे आले नाहीत,
आणि विचारायचं तरी कुणाला, काय म्हणून?

एकदा जूनमध्ये, ठाऱ्याच्या अलीकडे, गाडी घसरली.
घसरली म्हणजे काय, बसली,
थकलेल्या गाढवासारखी, कुणालाही न दुखवता.
लोक उतरले, बाभळीखाली पत्ते निघाले.
मी पेटी छातीशी धरून रडकुंडीला.
तेव्हा गार्ड तोमर म्हणाले, "सिस्टर, इकडे या."
कुणाच्या तरी शेतातली विहीर, कुणाची तरी दोरी,
आणि माझी निळी पेटी
हळूहळू अंधारात उतरत गेली,
पाण्याच्या वर हातभर.
दोरी त्यांनी स्वतःच्या मनगटाला गुंडाळली
आणि तीन तास काठावर बसून राहिले,
हिरवी झेंडी डोक्यावर पदरासारखी घेऊन.
वर आली तेव्हा चौकोन पांढरे.
सगळे. मी दोनदा मोजले.

आज मेमूने गेले, उगीच, रिटायर माणसाला काम काय.
नवा रूळ शहराला वळसा घालून जातो,
घोसीपुरा त्याच्या वाटेतच नाही.
खोटं कशाला बोलू, गाडी चांगली आहे.
पंखे फिरतात. संडासात पाणी आहे.
एक बाई अदृश्य राहून स्टेशनांची नावं सांगते,
एकही चुकत नाही.
गुडघे आपापले, कुणाचे कुणाला लागत नाहीत.
भराव मात्र उंच. मोहरीचं शेत खाली राहतं, नकाशासारखं.
तेव्हा ते कोपराला घासायचं,
घरी आल्यावर बाही पिवळी.

समोर एक पोरगी, प्रीती जाटव, छातीवर बिल्ला,
कानात गाणं, पायाशी निळी पेटी.
मी विहिरीची गोष्ट सांगितली.
तिने एका कानातलं काढून ऐकली,
हसली, म्हणाली, "आता तर तासाभरात पोचतो, आंटी,
बर्फाला घामही फुटत नाही."
बरंच आहे की, म्हटलं. खरंच बरं आहे.
मग राहवेना. जरा बघू दे, म्हटलं.

तिने झाकण उचललं.
गार वाफ माझ्या चष्म्यावर आली,
मला काही दिसेना,
मी तशीच वाकून राहिले.

"बंद करू का आता?" तिने विचारलं.
"गारवा जातोय."