याडूची वही

साडेपाचला डंडीतला डिसेंबर
केव्हाच दिवे मालवून झोपलेला असतो.
मी हॉस्पिटलच्या लॅबमधून धावत येते.
नर्सरीच्या दारात ओले कोट, ढकलगाड्या, रांग,
आणि एल्स्पेथबाई प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट.
तेवढ्यात काय विचारणार?
जेवला का. झोपला का. रडला का.
हो. हो. थोडासा.

बाकीचं वहीत असतं.
निळी वही, वर नाव: यदु.
बाईंच्या जिभेवर त्याचा याडू होतो.
एकदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.
बार्शीत कुणी ऐकलं तर लोळून हसतील,
आणि खरं सांगायचं तर
पोरगं आहेच जरा याडं.

पहिल्याच आठवड्यात मी शब्दांची यादी करून दिली होती.
पाणी. शू. भूक. नको. दुखतंय.
'कडेवर'पाशी पेन अडलं.
नुसतं उचलून घेणं नव्हे ते, मिठीही नव्हे.
शेवटी चित्र काढलं:
एका बाजूला कललेली बाई, कमरेवर एक गोळा.
दुसऱ्या दिवशी दारात एल्स्पेथबाई तशाच कललेल्या,
साठीच्या, गुडघ्याला पट्टा,
कमरेवर माझा गोळा.

मग परवा वहीत हे आलं:
'आज तो सारखा पूना, पूना म्हणत होता.
झोक्यावरून उतरवलं तेव्हा तर रडूनच.
तुमचं घर तिकडे आहे ना?
आठवण येत असेल त्याला.'

बसमध्ये वाचलं. तो मांडीवर पेंगत होता.
पुणं?
आम्ही पुण्याला उतरलो ते एसटी बदलायला,
आणि एकदा व्हिसाच्या कागदांसाठी.
हा तर जन्मला इथेच, टे नदीच्या काठी.
फोनवर नवरा म्हणाला,
बघ, पुणेकर कुठवर पोचलेत.

रात्री आंघोळीला त्याच्या डोक्यावर मग ओतला.
फेसातून आवाज आला: पुन्ना.
ओतला. पुन्ना.
तिसऱ्या वेळी
मग हवेतच राहिला.

सकाळी सांगायचं ठरवूनच गेले.
तर भिंतीवर, बरोबर त्याच्या उंचीला,
शनिवारवाडा.
रंगीत, प्लास्टिकच्या वेष्टनात,
बोचू नयेत म्हणून कोपरे गोल कापलेले.
खाली जाड अक्षरांत: याडूचं घर.
बाई म्हणाल्या, काल घरी बसून केलं.
मग कोट अडकवता अडकवता, माझ्याकडे न बघता,
मी बेटावरची. शाळेत गेले तेव्हा
मला फक्त गेलिक यायचं.
एक शब्द बाईंना कळला नाही माझा,
दिवसभर ओल्या मोज्यांत बसून राहिले.

माझं दीड मिनिट संपलं.
मागे कुणाची तरी ढकलगाडी टाचेला लागली.

सांगावं, तर ती कापलेली गोल टोकं.
न सांगावं, तर हा रोज झोक्यावरून उतरणार
आणि त्याला घराची आठवण येते म्हणून
सगळे कुरवाळत बसणार.
रात्री मी वहीत लिहिलं.
एरवी 'थँक यू'पलीकडे जात नाही,
त्या दिवशी दीड पान झालं.
तीनदा खोडलं. मग वरही सांडला असावा,
कडेला एक ओला गोल आहे.

आज उत्तर आलं:
'चव्वेचाळीस झोके. पुन्ना, पुन्ना. खांदा गेला माझा.
मी किती मूर्ख!
चित्र काढू का? फक्त एवढंच, की मुलं आता त्याला
याडूचा किल्ला म्हणतात,
आणि फियोनाने तिथे तिची डायनोसॉर ठेवली आहे.'

मी लिहिलं, राहू दे.
किल्ला आमचा नाही,
पण डायनोसॉरला तरी कुठे घर आहे.

मग पेन बंद केलं,
परत उघडलं,
आणि खाली, जरा लहान अक्षरात:
तुमचा तो शब्द कोणता होता?